‘खाडीपलीकडची रात्र’ : वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे?

परळच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करणारी, ठाण्याला राहणारी वैदेही, आणि इ.स. १३२१ मध्ये इराणच्या आखाताजवळच्या होर्मुझहून आलेल्या जहाजातून ठाण्याच्या बंदरात उतरलेला व तेव्हापासून मरण न आलेला लूका नावाचा खलाशी, या दोघांची ही गोष्ट आहे. लूका रक्तपिपासू आहे. वैदेहीचे रक्त त्याला पचत नाही, आणि ते न पचण्यातूनच कालप्रवास घडतो. कथानक आजची मुंबई, १३२१ चे ठाणे आणि १४३० च्या सुमाराचे माहीम या तीन ठिकाणी फिरते. पाठलाग, लढाया आणि खाडीतल्या झटापटी भरपूर आहेत. प्रेमकथा मात्र नाही; असा प्रश्न बरेच जण जरा आडवळणाने विचारतात, म्हणून येथेच स्पष्ट केलेले बरे.

यातला इतिहास किती खरा आणि किती रचलेला?

लिहिताना मी एक अट घालून घेतली होती. लूका आणि वैदेहीचा कालप्रवास ही एवढीच थाप मला मारता येईल. बाकी ज्या गोष्टीची नोंद आहे, ती नोंदीप्रमाणेच घडेल. त्यामुळे कोणताही राजा, सुभेदार किंवा प्रवासी इतिहासात जेथे होता त्याहून वेगळ्या ठिकाणी या कादंबरीत सापडणार नाही, आणि कोणत्याही लढाईचा निकाल बदललेला दिसणार नाही. जेथे साधने गप्प आहेत, किंवा दोन साधने एकमेकांशी भांडतात, तेवढ्याच जागेत माझी पात्रे धावतात. मध्ययुगीन ठाणे-माहीमबद्दल अशा जागा लेखकाला पुरून उरतील इतक्या आहेत.

१३२१ हेच वर्ष का निवडले?

कारण त्या वर्षी एप्रिल महिन्यात ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाचे चार धर्मोपदेशक मारले गेले, आणि त्या घटनेची हकिगत आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या दोन प्रमुख व्यक्तींपैकी एकही त्या वेळी ठाण्यात नव्हती. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्रियस अशी त्या चौघांची नावे. ते निघाले होते केरळातल्या कोल्लमकडे, पण वाऱ्याने त्यांना ठाण्याला आणून सोडले. तेथे नेस्तोरियन ख्रिश्चनांची पंधरा घरे होती व त्यांतल्या एका घरी त्यांची उतरण्याची सोय झाली. त्या घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणाची तक्रार काझीकडे गेली, साक्षीदार म्हणून पाहुण्यांची नावे पुढे आली, साक्षीतून धर्मचर्चा सुरू झाली आणि चर्चेचा शेवट वधात झाला. एका घरगुती कज्जातून एवढे पर्यवसान होते, हे मला कोणत्याही रचलेल्या कथानकापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

त्यांचा सोबती जॉर्डानस त्या दिवसांत भडोचच्या बाजूला गेलेला होता. परतल्यावर त्याने मृतदेह सोपाऱ्याला (आजच्या नालासोपाऱ्याला) नेऊन पुरले. पुढे ओदोरिक हा दुसरा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्याला आला, त्याने त्या अस्थी उकरून काढल्या आणि समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत नेल्या. वाटेत वारा पडला तेव्हा त्यातले एक हाड गुपचूप समुद्रात टाकताच वारा सुटला, असे तो स्वतःच सांगतो. हा सगळा वृत्तान्त त्याने मे १३३० मध्ये पादुआ येथे दुसऱ्याकडून लिहवून घेतला व पुढच्याच वर्षी जानेवारीत तो वारला. म्हणजे एक साक्षीदार गावाबाहेर होता, आणि दुसरा नंतर आला व त्याहूनही कितीतरी नंतर बोलला. त्या रात्री ठाण्यात प्रत्यक्ष हजर असलेला आणि आजही जिवंत असलेला एकच मनुष्य आहे अशी कल्पना केली की लूका तयार होतो. तो खरे बोलतो की नाही, हा कादंबरीचा मुख्य झगडा आहे.

लूका जहाजातून आला, मग वाटेत कोणी त्याला ओळखले कसे नाही?

ओदोरिकने होर्मुझच्या जहाजांचे वर्णन केले आहे. फळ्या दोराने शिवलेल्या असत आणि त्यात लोखंडाचा खिळासुद्धा नसे. अशाच जहाजातून तो अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला पोहोचला. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा चाकू ठेवतात, तिकडे युरोपातही लोखंड हे अमंगळावरचे जुने औषध मानले गेले आहे. लोखंडाला घाबरणाऱ्या प्राण्यासाठी लोखंडाशिवाय बांधलेले जहाज याहून सोयीचे वाहन कोणते? हा तपशील मी रचलेला नाही. तो वाचनात आला आणि पहिले प्रकरण त्याच्याभोवती उभे राहिले.

त्याच वृत्तान्तात ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे मोठे असतात आणि मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, असेही एक वाक्य आहे. मुंबईत पावसाळ्यात गटारातून बाहेर येणारी घूस ज्याने पाहिली आहे, तो ओदोरिकला खोटारडा म्हणणार नाही.

परदेशी रक्तपिपासू कशाला? आपला वेताळ, खवीस किंवा ब्रह्मराक्षस का घेतला नाही?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वेताळ हा कोकणात व गोव्यात अनेक गावांचा राखणदार देव आहे. त्याची देवळे आहेत, त्याला गाऱ्हाणे घातले जाते, आणि रात्री तो गावाच्या सीमेवर फेरी मारतो अशी श्रद्धा आहे. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळसुद्धा प्रेतात वस्ती करून कूट प्रश्न विचारतो. तो कोणाचे रक्त पीत नाही. त्याला सुळे लावणे हे आळसाचे काम झाले असते. ब्रह्मराक्षस, मुंजा, समंध, हडळ या प्रत्येकाला आपापले झाड, आपापली वासना आणि मरणाची आपापली कथा आहे. त्यांतले कोणीही होर्मुझहून येत नाही.

याउलट, कबरीतून उठून जिवंत माणसांना पछाडणाऱ्या प्रेतांच्या हकिगती युरोपात मध्ययुगातच लिहिल्या गेल्या होत्या. इंग्लंडमधल्या न्यूबर्गच्या विल्यमने बाराव्या शतकाच्या अखेरीस अशा काही घटना गंभीरपणे नोंदवल्या आहेत. लूका तिकडचाच आहे. तो आपल्या मुलखात आल्यावर लोक त्याला आपापल्या परीने कोठल्या कप्प्यात बसवतात, हे मात्र कादंबरीत येते. कोळीवाड्यातली म्हातारी त्याला समंध म्हणते, सोपाऱ्याचा भटजी पिशाच म्हणतो, आणि दोघांचेही उपाय चुकतात. गावदेवतेच्या वेताळाशी त्याची एकदा गाठ पडते. त्या प्रसंगात कोण मागे सरतो हे येथे सांगणार नाही.

लूका उन्हात कसा फिरतो? त्याला लसूण चालतो का? तो वटवाघूळ का होत नाही?

उन्हाने रक्तपिपासू जळून मरतो ही कल्पना लोककथेतली नाही. ती १९२२ च्या एका जर्मन मूकपटामुळे रूढ झाली. १८९७ मध्ये आलेल्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या इंग्रजी कादंबरीतला सरदारसुद्धा दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी झालेली असते. म्हणून लूका दुपारी लोकलने प्रवास करतो, थकतो आणि सावलीची बाजू शोधतो, जे कोणताही मुंबईकर करतो.

रक्त पिणारी वटवाघळे केवळ मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात आणि चौदाव्या शतकात जुन्या जगाला त्यांची गंधवार्ताही नव्हती. आपल्याकडच्या मोठ्या वटवाघळांना फळे लागतात. त्यामुळे हे रूपांतर मी पूर्णपणे वगळले. लसणाची गोष्ट वेगळी आहे, ती समजूत खरोखर जुनी आहे. लूकाला लसूण सहन होत नाही, आणि ज्या शहरात वडापावसुद्धा लसणाच्या चटणीशिवाय मिळत नाही तेथे त्याचे किती हाल होत असतील याचा विचार वाचकांनी करावा. चातुर्मासात काही घरांमध्ये कांदा-लसूण बंद असतो. ते चार महिने त्याच्या शिकारीचे, आणि म्हणून कादंबरीचे वर्तमानातले प्रसंग आषाढ ते कार्तिक या काळात घडतात.

कालप्रवास कसा होतो? यंत्र नाही, मंत्र नाही, मग काय आहे?

रक्त आहे. वैदेहीचा रक्तगट ‘बॉम्बे’ आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट प्रथम नोंदवला, म्हणून त्याला या शहराचे नाव मिळाले. ए, बी, एबी आणि ओ या चारही गटांच्या तांबड्या पेशींवर कमी-अधिक प्रमाणात ‘एच’ नावाचा घटक असतो. बॉम्बे गटात तोच नसतो. एवढेच नव्हे, तर या व्यक्तींच्या रक्तात त्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे नैसर्गिकरीत्याच असतात, आणि ‘ओ’ गटाचे रक्त चढवले तरी ती त्याच्या पेशी फोडून टाकतात. म्हणून या गटाच्या माणसाला फक्त याच गटाचे रक्त चालते. भारतात दहा हजारांत साधारण एक अशी व्यक्ती सापडते, युरोपात त्याहून कितीतरी दुर्मिळ.

येथपर्यंत विज्ञान आहे, पुढे कादंबरी. लूकाच्या अंगात सात शतकांचे परके रक्त साठलेले आहे आणि ज्याचे रक्त त्याने प्यायले त्याची एक रात्र त्याच्या रक्तात राहते. वैदेहीच्या रक्ताचे काही घोट पोटात गेले की त्यातली प्रतिपिंडे हे साठलेले रक्त फोडू लागतात, एकेक रात्र मोकळी होते, आणि दोघेही त्या रात्रीत जाऊन पडतात. पुढची भरती पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा तास, त्यांना तेथे राहावे लागते. लूकाला जी रात्र आठवत नाही तेथे जाता येत नाही, भविष्यात तर मुळीच नाही. प्रत्येक प्रवासाने तो अधिक अशक्त होतो. तरीही तो वैदेहीच्या मागे का लागला आहे, हे कळायला शेवटून तिसरे प्रकरण गाठावे लागेल.

भूतकाळात ते नेमके कोठे पोहोचतात?

जेथे उभे असतील तेथेच. काळ बदलतो, जागा बदलत नाही. मुंबईच्या बाबतीत हा नियम जीवघेणा आहे, कारण आजच्या शहराचा मोठा भाग तेव्हा पाण्यात किंवा खाजणात होता. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतीत लूकाने वैदेहीचा हात पकडला, तर दुसऱ्या क्षणी दोघे मिठीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेले असतात. चर्चगेटच्या पश्चिमेला भरतीच्या वेळी हा प्रयोग करणे म्हणजे सरळ समुद्रात उडी. त्यामुळे पाठलागाच्या प्रसंगांत वैदेहीचे मुख्य शस्त्र म्हणजे शहर कोठे भराव घालून वाढले आणि कोठे मूळचा खडक आहे याचे ज्ञान. घाटकोपर, माझगाव, माहीम येथल्या उंचवट्यांवर ती सुरक्षित असते, म्हणून लूका तिला सतत सखल भागाकडे ढकलत राहतो.

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तिथी आणि भरतीची वेळ का दिली आहे?

कारण प्रवास ज्या तिथीला सुरू होतो त्याच तिथीच्या रात्री संपतो, आणि तिथी कळली की खाडीतले पाणी कळते. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळी मंडळी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वा अकराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे कमी जोराची भरती. माहीमची खाडी ओलांडायला एकोणिसाव्या शतकापर्यंत पूलच नव्हता, तेव्हा होडी किंवा ओहोटी हेच दोन पर्याय. पात्रांच्या हातात किती वेळ आहे हे घड्याळापेक्षा चंद्र ठरवतो.

ठाण्यातल्या वधाच्या रात्रीचा चंद्रही असाच काढता येतो. घटना ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांतली आहे, ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, आणि १३२१ मध्ये तो १९ एप्रिलला होता. म्हणजे ९ एप्रिलची ती रात्र शुक्ल एकादशी-द्वादशीची. रात्री साडेआठ-नऊला भरती, आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चांदणे. लूका मात्र वैदेहीला सांगतो की तेव्हा मिट्ट काळोख होता. ती पहिली खोट तिला पंचांगामुळे सापडते.

माहीमच्या लढाईचा भाग खरा आहे का?

लढाई खरी आहे. १४२९ ते १४३१ च्या दरम्यान बहमनी सुलतान अहमदशहाचा सरदार मलिक-उत-तुज्जार खलफ हसन याने गुजरातच्या ताब्यातले माहीम घेतले. अहमदाबाद वसवणारा गुजरातचा सुलतान, त्याचेही नाव अहमदशहाच, याने आपला मुलगा जफरखान याला फौज देऊन पाठवले, आणि दीव, घोघा व खंबायत येथून आरमार जमवले. आधी ठाणे पडले, मग माहीम, आणि बहमनींची कुमक येऊनही माहीम गुजरातकडेच राहिले. दोन्ही बाजूंच्या सुलतानांचे नाव एकच असल्याने पहिल्या खर्ड्यात वाचणाऱ्यांचा गोंधळ उडाला होता, म्हणून पात्रे त्यांना ‘बिदरचा’ आणि ‘गुजरातचा’ असे म्हणतात. त्या दोन-तीन वर्षांतच बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलत होती, एवढी सूट मी घेतली आहे.

या युद्धाच्या फारसी भाषेतल्या हकिगती घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या आहेत. फिरिश्ता हा इतिहासकार दख्खनच्या दरबारात बसून लिहितो, ‘मिरात-इ-सिकंदरी’ हा ग्रंथ गुजरातच्या बाजूने. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला, भंडाऱ्याला, कोळ्याला काय भोगावे लागले हे दोघांनाही सांगायचे नाही. माहीमच्या बाजूने ऐकायचे तर ‘महिकावतीची बखर’ उघडावी लागते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या बखरीचा जुना भाग केशवाचार्यांनी शके १३७० मध्ये, म्हणजे या लढाईनंतर वीस वर्षांच्या आत लिहिलेला आहे. बखरीतल्या कुळांच्या व गावांच्या याद्या वाचायला रुक्ष वाटतात, पण माहीमच्या प्रकरणांतली माणसे मला तेथेच भेटली.

मखदूम अली माहिमी या काळातलेच ना? ते कादंबरीत आहेत का?

होय, त्यांचा काळ १३७२ ते १४३१ असा आहे, म्हणजे हे युद्ध त्यांच्या शेवटच्या वर्षांत झाले. कुराणावर भाष्य लिहिणारे विद्वान म्हणून त्यांची ख्याती आहे आणि माहीमच्या दर्ग्यावर आजही सर्व धर्मांचे लोक जातात. कादंबरीत त्यांचा उल्लेख येतो, पण ते पात्र म्हणून प्रवेश करत नाहीत. ज्यांच्यासमोर रोज हजारो माणसे हात जोडतात किंवा पसरतात, त्यांच्या तोंडी मी संवाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही.

लढायांमध्ये तोफा-बंदुका का नाहीत?

१३२१ मध्ये त्या येथे नव्हत्याच, आणि १४३० च्या सुमाराबद्दल मतभेद आहेत, म्हणून तलवार, भाला, तीर, पेटते तेल आणि पाणी यांवर भागवले. नौकांवरच्या झुंजीचे चित्र मिळवायला मला दूर जावे लागले नाही. बोरिवलीला एक्सर येथे जे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आहेत त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका एकमेकींवर चालून जाताना कोरल्या आहेत. यादव महादेव आणि ठाण्याचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या समुद्रावरच्या लढाईशी, म्हणजे १२६५ च्या सुमाराशी, त्यांचा संबंध जोडला जातो. धारकरी कोठे उभा राहतो, वल्हेकरी कोठे बसतो, पडलेल्याचे काय होते, हे सारे त्या दगडात आहे.

जेवणाच्या प्रसंगांत मिरची का दिसत नाही?

मिरची, बटाटा, टोमॅटो आणि तंबाखू हे सर्व अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात आले. तिखटपणासाठी मिरी आहे, आंबटासाठी चिंच व आमसूल. वैदेही १४३० मध्ये हिरवी मिरची मागते, हा विनोद मुद्दाम ठेवला आहे.

तारखा कोणत्या कालगणनेच्या आहेत?

इसवी सनाच्या तारखा तेव्हाच्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. आजच्या पद्धतीने हव्या असल्यास चौदाव्या शतकातल्या तारखांत आठ दिवस आणि पंधराव्या शतकातल्या तारखांत नऊ दिवस मिळवावेत. स्थानिक पात्रे शक आणि तिथी वापरतात.

मुलांना वाचायला द्यावी का?

चौदा-पंधरा वर्षांपुढच्या वाचकांना हरकत नसावी. रक्त आहे, मृत्यू आहेत, वधाचा प्रसंग तपशिलात नाही. धर्मावरून झालेला हिंसाचार विषयातच असल्याने लहान मुलांनी वाचल्यास घरातल्या मोठ्यांनी नंतर बोलावे, असे सुचवेन. आज कोणत्याही समाजाकडे बोट दाखवण्यासाठी या प्रकरणाचा वापर करू नये. वधाचा हुकूम देणाऱ्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याला दिल्लीच्या सुलतानानेच देहदंड दिला, असे स्वतः ओदोरिक सांगतो.

कादंबरीतली ठिकाणे आज पाहता येतात का?

एक्सरचे वीरगळ आणि माहीमचा दर्गा पाहता येतो. सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, त्या काळाच्याही कितीतरी आधीचा बौद्ध स्तूप आहे. माहीमच्या किनाऱ्यावर जी किल्ल्याची भिंत दिसते ती १४३० च्या लढाईशी जोडू नये. तिचे आजचे रूप पोर्तुगीज आणि इंग्रज काळातले आहे, म्हणून कादंबरीत ती फक्त वर्तमानातल्या प्रकरणांत येते. ठाण्याच्या जुन्या बंदराच्या खुणा शोधायला खाडीकाठी जायचे असल्यास ओहोटीची वेळ पाहून जावे.

दुसरा भाग येणार आहे का?

येणार आहे. गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, तेथून तो सुरू होतो. तोफा येतात, चर्च उभी राहतात, आणि लूकाला दोनशे वर्षांनी प्रथमच आपल्या धर्माची प्रार्थना कानावर पडते. त्या काळाची कागदपत्रे पुष्कळ असल्यामुळे माझ्यासाठी रिकाम्या जागा कमी उरतात आणि लेखन सावकाश चालले आहे. हस्तलिखित पूर्ण झाल्याशिवाय प्रकाशनाचा महिना सांगता येणार नाही.